वहीतली खोड आणि फाइलमधली खोड

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत परवा एक चौकट होती, मोबाइल आणि संगणकातली खासगी माहिती कशी जपावी याची. सल्ले चांगले होते. फक्त शेवटचं वाक्य, ‘नको तो मजकूर डिलीट करा आणि निर्धास्त व्हा’, वाचून मी चष्मा काढून ठेवला. डिलीट करून निर्धास्त झालेला माणूस मीच आहे. पुढे काय झालं ते सांगावं म्हणून हे पत्र. लांबलं तर काटछाट करा, पण मधला कृतीचा भाग तेवढा कापू नका.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात १९८९ पासून दिवाणजी आहे. हजेरी, पगार, उचल, सुताची आवक, मालाची जावक, सगळं माझ्या हातचं. तीस वर्षं लाल कापडी बांधणीच्या वह्यांत लिहिलं. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले, कारखान्याला कुलूप लागलं आणि वह्या आत राहिल्या. इकडे कामगारांचे फोन चालूच: किराणा संपला, औषध संपलं, खात्यावर काही टाकता का. तेव्हा मालकांच्या मुलाने मला घरबसल्या लिहिता यावं म्हणून गुगल डॉक्समध्ये एक कागद उघडून दिला. त्याला मी नाव दिलं ‘कामगार टिपण’. टाळेबंदी उठली, माग पुन्हा खडखडू लागले, टिपण मात्र सुटलं नाही. पैशाचा हिशेब टॅलीत आणि वहीत. जे कुठल्याच रकान्यात बसत नाही ते या टिपणात.

रकान्यात न बसणारं म्हणजे काय? नमुना देतो, नावं वगळून. ‘उचल ४०००, सासऱ्यांचा डावा डोळा, मोतीबिंदू.’ ‘आधारवर जन्मसाल चुकलंय, दुरुस्तीला पाठवलं, नंबर असा असा.’ ‘पगार नव्या खात्यावर टाकणे, नवऱ्याला सांगू नये.’ ‘औषध चालू, सहा महिने, जड काम देऊ नये.’ आमच्याकडे निम्मे कामगार घरी तेलुगू बोलतात, काही कानडी. कागदपत्रांची भाषा आली की सगळे माझ्याकडे येतात. माणूस समोर बसून बोलतो, मी लिहीत जातो. आणि टिपणाच्या तळाला, ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’ या ओळीखाली, माझ्या स्वतःच्या नेट बँकिंगचा पासवर्ड. हसू नका. किती वाचकांच्या एटीएमचा पिन मोबाइलमध्ये ‘गॅसवाला’ या नावाने सेव्ह आहे, याचा मला अंदाज आहे.

यंदा गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी मालकांनी कामगारांचा सामूहिक आरोग्य विमा काढायचं ठरवलं. विमा प्रतिनिधीच्या कचेरीला नाव, जन्मसाल आणि वारस एवढंच हवं होतं. मी एक अख्खी संध्याकाळ बसून टिपणातलं बाकीचं सगळं पुसलं. आधार गेलं, खाती गेली, आजार गेले, माझा पासवर्डही गेला. पाच वर्षांचा मजकूर चार पानांवर आला. मग त्याच कागदाची लिंक कचेरीला पाठवली आणि त्यांना पॉलिसी क्रमांक भरता यावेत म्हणून लिहायची परवानगीही दिली. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

दोन दिवसांनी तिथला मुलगा सह्या घ्यायला आला. पोरगा सज्जन, कामसू. चहाची बशी हातात धरून म्हणाला, “काका, त्या बाईंचा आजार फॉर्ममध्ये दाखवायला लागेल बरं का. नंतर क्लेम अडकतो की.”

“कुठला आजार?” मी विचारलं.

त्याने सांगितला. बरोबर सांगितला. औषध कोणत्या महिन्यात सुरू झालं तेही सांगितलं. आजाराचं नाव इथे लिहीत नाही. एकदा लिहून पस्तावलो आहे.

मग त्याने मला दाखवलं. कागदाच्या वरच्या बाजूला घड्याळासारखं एक चिन्ह असतं, त्यावर बोट ठेवलं की उजवीकडे तारखांची उतरंड लागते. फाइल मेनूतूनही तिथे जाता येतं. त्याला व्हर्जन हिस्टरी म्हणतात. माझ्या नावापुढे हिरवा ठिपका होता. मी पुसायला बसलो त्या संध्याकाळच्या तारखेवर त्याने टिचकी मारली, आणि पुसलेली एकेक ओळ मधून हिरवी रेघ मारलेली अशी समोर आली. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. माझा पासवर्डसुद्धा. पोराने मुद्दाम काही केलं नव्हतं; चार पानांत एका वारसाचं नाव अर्धवट दिसलं, ते जुन्या नोंदीत पुरं असेल म्हणून तो मागे गेला. ज्याला कागदात लिहायची परवानगी दिली त्याला कागदाचा भूतकाळही वाचता येतो, हे त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं. नुसती बघायची परवानगी दिली असती तर त्याला हिस्टरी दिसलीच नसती. दोष माझा.

ती हिरवी रेघ बघून मला आधी काय आठवलं असेल तर माझा स्वतःचा हात. आम्ही वहीत अगदी अशीच खोडतो. १९८९ मध्ये मी कामाला लागलो तेव्हा थोरल्या दिवाणजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: रबर नाही, पांढरी शाई नाही, पान फाडणं तर नाहीच. चुकलं तर मधून एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही. खोडलेलं वाचता आलं पाहिजे. वाचता येत नसेल तर लिहिणारा चोर. गेली पस्तीस वर्षं हेच माझं ब्रीद आहे आणि आता सरकारचंही आहे: १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबासाठी असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहते आणि ती यंत्रणा बंद करता येत नाही. आमच्या सीएंनी हे सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, चला, संगणकाला उशिरा का होईना अक्कल आली.

म्हणजे जुन्या आवृत्त्या जपून ठेवणाऱ्यांवर मला राग काढता येत नाही. तो माझाच धर्म आहे. घोळ एवढाच झाला, की पैशाच्या नोंदीचा नियम मी माणसांच्या नोंदीला लावला. उचल चार हजार दिली की तीन हजार, हे दहा वर्षांनीही दिसायला हवं. पण ती कोणत्या दुखण्यासाठी दिली, हे परक्या कचेरीतल्या पोराला का दिसावं?

संध्याकाळी पुण्याला भाच्याला फोन लावला. तो हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. सगळं ऐकून त्याचा पहिला प्रश्न, “मामा, पासवर्ड बदलला का?” मी म्हटलं, अरे, आधी तो जुन्या पानांतून कसा काढायचा ते सांग. तो म्हणाला, “नाही. आधी कुलूप बदला. किल्लीचा ठसा नंतर पुसू.” त्यांच्या धंद्यात प्रोग्राम ‘गिट’ नावाच्या वहीत ठेवतात. तीतही प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. नवखी पोरं घाईत प्रोग्राममध्ये पासवर्ड लिहून मोकळी होतात आणि दुसऱ्या दिवशी ती ओळ पुसतात. ओळ जाते, इतिहासात पासवर्ड राहतो. तो सारा इतिहास मुळापासून नव्याने लिहायची अवजारं आहेत, गिट फिल्टर-रेपो हे त्यातलं एक. पण तोवर ज्यांनी आपापल्या संगणकावर प्रत उतरवून घेतली, त्यांच्याकडे जुनी वही तशीच राहते. म्हणून फुटलेला पासवर्ड फुटला असंच धरायचं आणि तो आधी बदलायचा. मी फोन न ठेवता बदलला.

बरं, पासवर्ड बदलता आला. पण बारा आकडी आधार क्रमांक कसा बदलायचा? तो जन्माचा सोबती. (पुढे कुणाला आधार द्यायची वेळ आली तर झाकलेलं आधार द्यावं, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, ते फुकट उतरवून घेता येतं. हे मला आता सुचतंय.) आणि आजार? त्याला तर कुलूपच नसतं.

आता कृती. भाच्याने व्हिडिओ कॉलवर करून घेतली, मी जशी केली तशी सांगतो.

गुगल डॉक्समध्ये जुन्या आवृत्त्यांतली एखादीच निवडून काढायची सोय नाही. अख्खा इतिहास टाकायचा तर कागदच नवा करावा लागतो: फाइल मेनूतून ‘मेक अ कॉपी’. नव्या प्रतीला इतिहास नसतो, तिचा जन्म आजचा. हे ऐकल्याबरोबर मी उतावीळपणे मूळ कागदाची एक जुनी, सगळ्या नोंदी असलेली आवृत्ती उघडली, तिची प्रत काढली आणि तिच्यातून नाजूक ओळी वेचून पुसत बसलो. मला निम्मा मजकूर ठेवायचा होता ना. अर्धा तास गेला. भाचा गप्प. शेवटी म्हणाला, “आता या प्रतीची हिस्टरी उघडा.” उघडली. पहिल्याच आवृत्तीत सगळं जसंच्या तसं. प्रत जन्माला आली तेव्हाच त्या ओळी तिच्या पोटात होत्या. मामी स्वयंपाकघरातून विचारतात, कशाला हसताय एवढं. हसत एकटा तोच होता.

तर क्रम असा की साफसफाई आधी, जुन्याच कागदात. काय काढलं ते दोनदा वाचून बघायचं, कडेला लिहिलेल्या शेऱ्यांसकट, कारण मी निम्म्या गोष्टी तिथे लिहिल्या होत्या. मग त्या साफ केलेल्या कागदाची प्रत. प्रत काढताना एक चौकट येते, त्यात ‘शेरे आणि सूचनाही प्रतीत घ्या’ आणि ‘आधीच्याच लोकांना शेअर करा’ अशा अर्थाचे पर्याय असतात. दोन्हींना खूण करायची नाही. प्रत तयार झाली की तिची हिस्टरी उघडून खात्री करायची. मग जुन्या कागदाचं शेअरिंग तोडायचं, तो ट्रॅशमध्ये टाकायचा आणि तिथून कायमचा काढायचा. नुसता ट्रॅशमध्ये सोडला तर तिथे तो ३० दिवस राहतो, आणि कागद ज्याच्या नावावर आहे त्याने कायमचा काढेपर्यंत ज्यांना तो शेअर केलाय त्यांना उघडताही येतो. शेअरिंग खरं तर सर्वांत आधी तोडायला हवं होतं. मी ते शेवटी केलं.

या कचऱ्याच्या टोपल्यांचे दिवसही ज्याचे त्याचे निराळे. गुगल कीपमधली पुसलेली नोंद ७ दिवस, आयफोनच्या नोट्समधली साधारण ३०, मायक्रोसॉफ्टच्या वननोट या टिपणवहीची टोपली ६० दिवस. आमच्याकडे सुतकसुद्धा दहा दिवसांत फिटतं.

वननोटचं मला सुनेमुळे कळलं. ती शिक्षिका आहे. वर्गातल्या मुलांविषयी टिपणं ठेवते: कुणाला फिट येते, कुणाचे आईवडील वेगळे राहतात, कुणाची फी माफ आहे. माझी फजिती ऐकून ती लॅपटॉप घेऊन शेजारी बसली. संगणकावरच्या वननोटमध्ये हिस्टरीच्या टॅबखाली ‘पेज व्हर्जन्स’ असतं, आणि तिथे एकेक जुनी आवृत्तीही काढता येते, नाहीतर अख्ख्या विभागाच्या किंवा अख्ख्या वहीच्या जुन्या आवृत्त्या एका फटक्यात. हे मला आवडलं. काढून झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, टोपली राहिलीच.” पोरगी हुशार आहे.

वर्डच्या फाइलचं म्हणाल तर ‘ट्रॅक चेंजेस’ चालू असलेली फाइल पाठवणं म्हणजे खोडलेल्यासकट वही हातात देणं. ती पाठवण्याआधी ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ करायचं असतं, म्हणजे फाइलच्या पोटात लपलेलं शोधून काढून टाकता येतं. आपल्याला हे नवीन, पण २००३ मध्ये खुद्द ब्रिटिश सरकारने इराकवरचा एक दस्तऐवज वर्डच्या फाइलीत इंटरनेटवर टाकला, तेव्हा फाइलच्या पोटात राहिलेल्या नोंदीवरून ती कुणाकुणाच्या हातून गेली ती नावं जगाने वाचली. भाच्याने हे बहुधा माझी समजूत काढायला सांगितलं. थोडी निघाली.

उरला तो विमा कचेरीतला संगणक. हे कुठल्याही मेनूत नाही, इथे उठून जावं लागतं. गेलो. पोराने डाउनलोड्सचा फोल्डर उघडला. त्यात ‘कामगार टिपण’ नावाच्या तीन पीडीएफ होत्या, एकामागे एक, वेगवेगळ्या वेळी उतरवून घेतलेल्या. त्यातली एक जुन्या आवृत्तीची. माझ्यासमोर त्याने तिन्ही काढल्या, रिसायकल बिन रिकामी केली आणि मग स्वतःच म्हणाला, “थांबा काका, एक साहेबांना व्हॉट्सॲप केली होती.” साहेब गावाला गेले होते. परत आल्यावर त्यांनी काढल्याचं फोनवर सांगितलं. मी विश्वास ठेवला. दुसरं काय करणार?

इथे मला एक जुनी गोष्ट आठवते. नव्वदीच्या सुमाराची. जुन्या वह्यांची मुदत संपली की सगळेच कारखानदार त्या रद्दीत घालायचे, आणि आमच्या हिशेबाची पानं किराणा दुकानात शेंगदाण्याच्या चटणीची पुडी होऊन गावभर फिरायची. एकदा कुणाच्या तरी घरी चटणीच्या पुडीवर शेजाऱ्याचीच उचल निघाली आणि भांडण जुंपलं. तेव्हापासून आमच्या थोरल्या मालकांनी पगाराच्या वह्या रद्दीत देणं बंद केलं. दोन हमाल त्या वह्या रंगखात्याच्या हौदाशी आणायचे. वरची लाल बांधणी सुरीने सोडवायची, पानं हौदात सोडायची, वर बांबूने दाबायची. रात्रभरात शाई फुटायची. सकाळी हात घातला की कागद बोटांतून दह्यासारखा निसटायचा. तो लगदा बाहेर काढून वाळवून मगच जायचा. मालक स्वतः उभे राहायचे. तेव्हा मला ही श्रीमंत माणसाची लहर वाटायची.

मात्र त्या हौदात जाण्याआधी मी प्रत्येक वहीतली शिल्लक उचल नव्या वहीत ओढून घ्यायचो. आताही तेच केलं. टिपण नष्ट करण्याआधी पाच वर्षांच्या उचलीची फक्त तारीख, नाव आणि रक्कम वहीत उतरवली, कारण न लिहिता. दोन दिवस लागले. कायद्याने ज्या नोंदी ठेवायच्या त्या ठेवाव्याच लागतात. त्यांच्या आडून बाकीचं ठेवायचं कारण नाही.

आता सर्वांत अवघड काम. ज्यांच्या आजाराचं बाहेर गेलं त्या बाईंना सांगणं. मालक म्हणाले, कशाला, कुणाला कळलंय? भाचा म्हणाला, सांगायला पाहिजे. मला स्वतःला झोप येईना, म्हणून एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याशेजारी बाकावर जाऊन बसलो. त्या डबा उघडून कडक भाकरी मोडत होत्या. मी जे झालं ते सांगितलं, माफी मागितली.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “दिवाणजी, मला वाचता येत नाही. त्यात माझं काय काय लिवलंय ते सगळं वाचून दाखवा.”

पस्तीस वर्षांत कुणी मला हे म्हटलं नव्हतं. मोबाइलवर जुन्या कागदाची पुसण्याआधीची आवृत्ती उघडली (तेव्हा तो अजून पुरता काढला नव्हता) आणि त्यांच्या नावाच्या नोंदी तारखेवार वाचत गेलो. सात-आठ होत्या. आजाराची आली तेव्हा त्यांनी हात उडवला. “ते ऱ्हाऊ दे. साऱ्या चाळीला ठावं हाय. सरकारी गोळ्या घ्यायला मी उघड जाते.” पुढची एक साधी उचलीची नोंद होती, रक्कम आणि कुणासाठी एवढंच. मी ती नाजूक धरलीच नव्हती. विमावाल्यांना नको म्हणून बाकीच्यांबरोबर पुसली, इतकंच. ती ऐकताच त्यांनी भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला.

“ते काढा,” म्हणाल्या. “ते आधी काढा.”

का, ते त्यांनी सांगितलं. मी सांगणार नाही.

म्हणजे कोणती ओळ नाजूक हे ठरवताना मी माझीच अक्कल वापरत होतो, आणि ती चुकली होती. ज्याची गोष्ट त्याला विचारलंच नव्हतं. त्यानंतर मी आठवडाभर सुट्टीच्या वेळेत एकेकाला बोलावून त्याच्या-त्याच्या नोंदी वाचून दाखवल्या. बहुतेकांनी हसण्यावारी नेलं. चौघांनी काही ना काही काढायला लावलं, आणि त्या चारातल्या तीन ओळी मी जन्मात नाजूक म्हणून ओळखल्या नसत्या. एकाने उलट एक ओळ घालायला लावली. मग मूळ कागदाची शेवटची साफसफाई, प्रत, ट्रॅश, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे, बाराव्या कलमात, असं भाच्याने वाचून दाखवलं. कायदा चांगला आहे. पण ज्या बाईंना स्वतःविषयी काय लिहिलंय हेच वाचता येत नाही, त्यांनी अर्ज कशासाठी करायचा? तिथे कारखान्याच्या दिवाणजीने, शाळेच्या कारकुनाने, सोसायटीच्या सेक्रेटरीने आपण होऊन वाचून दाखवायला हवं.

आणि ही सॉफ्टवेअरं बनवणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. मला पूर्ण कागद मोडून नवा करावा लागला, त्यात पाच वर्षांचा निर्दोष इतिहासही गेला. उद्या कुणी विचारलं की अमुक नोंद कधी केली, तर दाखवायला काही नाही. हे मला दिवाणजी म्हणून डाचतं. विकिपीडियावर याची फार शहाणी रीत आहे असं कळलं. तिथे लेखाच्या प्रत्येक फेरफाराचा इतिहास उघड असतो. पण कुणी कुणाचा फोन नंबर किंवा बदनामीचा मजकूर घातला, तर प्रचालकांना, म्हणजे तिथल्या देखरेख करणाऱ्यांना, त्या आवृत्तीचा मजकूर झाकता येतो. इतिहासाच्या यादीत ती ओळ राहते, वर काट मारलेली. त्या तारखेला काहीतरी होतं आणि झाकलं गेलं हे कुणालाही दिसतं, काय होतं ते सर्वसाधारण वाचकाला दिसत नाही. थोरल्या दिवाणजींना हे दाखवलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. रेघ राहिली, सही राहिली, आतला मजकूर गेला. आपल्या रोजच्या नोंदवह्यांत हे का नसावं? ‘ही ओळ जुन्या आवृत्त्यांतूनही काढा’ असं एक बटण, तेही मराठीत, आणि ते कुणी कधी दाबलं याची नोंद.

तोवर वाचकांनी एवढं करून बघावं. गणपती मंडळाच्या वर्गणीची, सोसायटीच्या भाडेकरूंची, भिशीची, शाळेच्या सहलीची जी यादी ऑनलाइन फिरतेय, ती उघडून तिचा इतिहास बघा. गुगल शीट्समध्ये तर एकेका चौकटीवर उजवी टिचकी मारूनही आधी तिथे काय होतं ते दिसतं. लिहायची परवानगी ज्यांना दिली आहे त्यांची नावं मोजा. त्यातल्या निम्म्यांना नुसतं बघायला दिलं तरी चालण्यासारखं असतं. आणि पासवर्ड किंवा खातं बाहेर जाऊन पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक १९३० आहे. ज्या गावात १९३० च्या मे महिन्यात मार्शल लॉ लागला आणि चार हुतात्म्यांचे पुतळे ज्याच्या मधोमध उभे आहेत, तिथल्या माणसाने हा आकडा लिहून ठेवायची गरज पडू नये.

माझं नाव आणि कारखान्याचं नाव छापू नये ही विनंती. नाव आलं की कारखाना कळेल, कारखाना कळला की बाई कळतील. पत्र ईमेलने न पाठवता हाताने लिहून पाठवत आहे, त्याचंही कारण हेच. आधी ते संगणकावर लिहिलं होतं. तिसऱ्या मसुद्यातून मी त्यांचं नाव काढलं, मग लक्षात आलं की पहिल्या दोनांत ते आहे. ती फाइल नीट क्रमाने नष्ट केली आणि फुलस्केप काढले. अक्षर लागेल, दिवाणजीचं आहे. दोन ठिकाणी खोडलं आहे, तिथे बाजूला सही केली आहे.

आपला नम्र,
एक दिवाणजी
अशोक चौक, सोलापूर